खोला आणि उघाडी : कोकण किनाऱ्यावरील मासेमारी व मत्स्यशेती

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या वर्षी तळ्यांत, पिंजऱ्यांत आणि तराफ्यांवर वाढवून काढलेल्या जलचर प्राण्यांचे जागतिक उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेले आणि नैसर्गिक पाण्यातील मासेमारीच्या उत्पादनाला त्याने प्रथमच मागे टाकले. याच अहवालात असेही नोंदवलेले आहे की ज्या सागरी मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन केले जाते त्यांपैकी ३७.७ टक्के साठे २०२१ मध्ये अतिमासेमारीच्या अवस्थेत होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक निष्कर्ष फारसा विचार न करताही सुचतो : जमिनीवर माणूस जसा शिकारीकडून शेतीकडे वळला तसाच तो आता पाण्यातही वळत आहे, आणि दमलेल्या समुद्राची जागा तळी व पिंजरे घेणार आहेत. योजनांच्या प्रस्तावनांत आणि भाषणांत हा निष्कर्ष सिद्ध झाल्यासारखा वावरतो. कोकण किनाऱ्याच्या संदर्भात तो कितपत टिकतो, हे पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जगातील मत्स्यशेतीच्या उत्पादनापैकी साठ टक्क्यांहून अधिक वाटा अंतर्गत, म्हणजे मुख्यतः गोड्या पाण्याचा आहे. त्यात कोंडा, पेंड आणि तळ्यातील सूक्ष्म वनस्पतींवर वाढणाऱ्या कार्प कुळातील माशांचे प्रमाण मोठे आहे. रोहू किंवा कटला यांचे उत्पादन वाढले म्हणून पापलेटवरचा ताण आपोआप कमी होत नाही, कारण ग्राहक, बाजार आणि चव तिन्ही वेगळी आहेत. खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यातील शेतीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला तर दिसते की ही शेती बीज, खाद्य आणि स्वच्छ पाणी या तिन्ही गोष्टींसाठी समुद्राकडेच हात पसरते. तिला मासेमारीची वारसदार म्हणण्याऐवजी ऋणको म्हणणे अधिक योग्य ठरेल, आणि धनको दिवाळखोर झाला तर ऋणकोचे पुढे काय होणार हा प्रश्न टाळता येत नाही.

मत्स्यसाठा म्हणजे एका प्रजातीचा, एका क्षेत्रात वावरणारा आणि आपसांत प्रजनन करणारा समूह. तो खनिजासारखा काढला की संपणारा नसतो. दरवर्षी नवी पिले त्यात दाखल होतात, असलेले मासे वाढतात आणि काही नैसर्गिक कारणांनी मरतात. या आवक-जावकीतून जी वाढ शिल्लक राहते तेवढीच काढून घेतली तर साठा कायम राहतो. या वाढीची जी सर्वाधिक पातळी असू शकते तिला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास गणिती रूपात मांडली गेली. त्यापूर्वी, १८८३ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सली यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञाने कॉडसारख्या मोठ्या सागरी साठ्यांना मासेमारीमुळे बाध येणार नाही असे मत दिले होते. त्या मताला तत्कालीन साधनांची अट जोडलेली होती, परंतु पुढील पिढ्यांनी मत लक्षात ठेवले आणि अट सोडून दिली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉडचा साठा इतका कोसळला की १९९२ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली; सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला आणि ती बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली.

अतिमासेमारीचे दोन प्रकार वेगळे ओळखणे कोकणासाठी विशेष महत्त्वाचे आहे. पुरेसे प्रौढ मासे न उरल्यामुळे पुढच्या पिढीची पिलेच कमी पडणे हा एक प्रकार, आणि मासा वाढण्याआधीच पकडल्यामुळे त्याच्या वाढीचा लाभ वाया जाणे हा दुसरा. दुसरा प्रकार वरकरणी सौम्य वाटतो, कारण त्यात टनांचे आकडे काही काळ टिकून राहतात. पन्नास ग्रॅमच्या पापलेटच्या वीस पिलांचे वजन एक किलो भरते. समजा ती पकडली नाहीत आणि त्यांतील निम्मी नैसर्गिकरीत्या मेली, तरी उरलेली दहा प्रत्येकी चारशे ग्रॅमची झाल्यावर चार किलो मासळी मिळते. पापलेटचा भाव आकारमानाप्रमाणे चढत जात असल्याने पैशाच्या हिशेबात हे अंतर चौपटीहून पुष्कळ अधिक पडते. हा हिशेब किनाऱ्यावरील कोणत्याही अनुभवी तांडेलाला समजावून सांगावा लागत नाही. तरीही पिले पकडली जातात, आणि ती का पकडली जातात याचे उत्तर जाळ्याच्या रचनेत आणि समुद्रावरील हक्कांच्या रचनेत शोधावे लागते.

मुंबईपासून उत्तरेला डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावरील वैशिष्ट्यपूर्ण जाळे म्हणजे डोल. हे शंकूच्या आकाराचे, तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीजाळे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे ठेवतात. मासळीचा पाठलाग करण्याऐवजी हे जाळे प्रवाह जे आणून देईल ते घेते. पाणी थबकले की ते उपसतात आणि प्रवाहाची दिशा बदलली की तोंड फिरवतात. इंधन लागते ते केवळ जाण्यायेण्यापुरते. खंबातचे आखात आणि त्याच्या दक्षिणेचा उथळ, गढूळ, जोरदार प्रवाहांचा समुद्र या जाळ्याला जितका मानवतो तितका दक्षिण कोकणातील समुद्र मानवत नाही. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी आणि ढोमा ही डोलीची नेहमीची मिळकत. त्यांतील बोंबील हा मऊ अंगाचा, पोहण्यात दुबळा, जवळा व स्वतःच्याच जातीची पिले खाणारा मासा लवकर वाढतो आणि लवकर मरतो. अशा अल्पायुषी प्रजातींना जोरदार मासेमारी पुष्कळ अंशी सोसते. बांबूच्या वलांडींवर वाळणारे बोंबील हे या किनाऱ्याचे पावसाळ्यासाठीचे प्रथिनांचे कोठार राहिले आहे, आणि त्यासाठी शीतगृहाची वा विजेची गरज पडलेली नाही.

या जाळ्याचा कमकुवत भाग म्हणजे त्याचा खोला. निमुळत्या टोकाच्या ज्या शेवटच्या पिशवीत मासळी साठते तिला खोला म्हणतात. जवळ्यासारखा बारीक जीव पकडायचा असल्याने खोल्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या घराचा आकार, अतिशय लहान ठेवावा लागतो, आणि त्यामुळे प्रवाहाबरोबर आलेले पापलेट, घोळ, दाढा यांचे पिलूही त्यातून सुटू शकत नाही. एकाच उथळ पाण्यात जवळ्याचे थवे आणि मोठ्या माशांची पिले एकत्र वाढतात, ही निसर्गाची व्यवस्था आहे; जाळ्याला त्यांत निवड करता येत नाही. आस मोठा करावा अशी सूचना ऐकायला सोपी आहे, परंतु तिचा अर्थ जवळा सोडून देणे असा होतो, आणि जवळा हे किनाऱ्यावरील गरिबांच्या ताटातले अन्न आहे. म्हणून डोलीच्या बाबतीत आसापेक्षा जागा व महिना यांचे नियमन अधिक व्यवहार्य दिसते : पिलांचा जोर ज्या भागात आणि ज्या आठवड्यांत असतो तेवढ्यापुरती जाळी उचलणे. ट्रॉलची स्थिती वेगळी आहे. ओढले जाणारे जाळे ताणाखाली आले की शंकरपाळ्याच्या आकाराची घरे मिटतात आणि कागदावर मोठा असलेला आस प्रत्यक्षात बंद होतो. चौकोनी घरे मात्र उघडी राहतात. म्हणून कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेसह शास्त्रीय संस्थांनी ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीसाठी ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस केली. सुधारणा स्वस्त आहे आणि परिणामकारकही आहे, पण जो एकटा ती करतो त्याच्या हातून सुटलेले पिलू शेजारच्या बोटीच्या जाळ्यात जाते, आणि त्यामुळे एकट्याने ती करण्यात कोणालाही लाभ दिसत नाही.

येथे हक्कांचा प्रश्न येतो. डोलीसाठी खुंट रोवण्याच्या जागेला, आणि बोलीत त्या खुंटांनाही, कव म्हणतात. कव कोणाची, दोन कवींत अंतर किती, एका गावाच्या कवी कोठे संपतात आणि दुसऱ्याच्या कोठे सुरू होतात, हे पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या व नंतर सहकारी संस्थांच्या पातळीवर ठरत आले. कायद्याच्या पुस्तकात समुद्र मुक्त आहे असे म्हटले जात असताना या किनाऱ्यावर समुद्राच्या विशिष्ट तुकड्यांवर विशिष्ट गावांचा, वापर चालू असेपर्यंतचा, हक्क प्रत्यक्षात मान्य केला जात होता. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा होता की सामाईक कुरणाचा नाश अटळ असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले की मालकी नसलेले आणि सामाईक मालकीचे यांत फरक आहे, व सामाईक मालकीच्या संस्था शतकानुशतके टिकू शकतात. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कव ही ऑस्ट्रॉम यांच्या मांडणीत चपखल बसणारी संस्था आहे. पण तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. यंत्रे आली, बोटी दूर जाऊ लागल्या, वसई-उत्तन भागातील मच्छीमारांच्या कवी उत्तरेकडे सरकल्या आणि सातपाटी-डहाणू पट्ट्यातील मच्छीमारांशी त्यांचा वाद सुरू झाला. दालदी म्हणजे गळफास पद्धतीची वाहती जाळी टाकून पापलेट पकडणाऱ्या सातपाटीच्या मच्छीमारांना कवींचे खुंट आपल्या मार्गातला अडसर वाटू लागले. हा वाद बैठकांमागून बैठका होऊनही चालू राहिला. पाय पोहोचेल तेवढ्या समुद्रासाठी घडलेला गावकीचा नियम इंजिन पोहोचेल तेवढ्या समुद्राला पुरेना, आणि त्याची जागा घेणारा सरकारी नियम मात्र किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहत राहिला.

तो सरकारी नियम महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या नावाने ओळखला जातो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतचे विशेष आर्थिक क्षेत्र केंद्राचे. मासा ही सीमा मानत नाही, आणि बोटीही ती फारशी मानत नाहीत. मासळीच्या थव्याभोवती भिंतीसारखे जाळे टाकून त्याचा तळ दोरीने आवळणाऱ्या पर्ससीन बोटी रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाढल्या, तेव्हा बांगडा-तारलीवर अवलंबून असलेल्या रापणकारांशी त्यांचा संघर्ष उभा राहिला. किनाऱ्यावरून दोन बाजूंनी ओढले जाणारे रापणीचे जाळे थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहते आणि पर्ससीन तो येण्याआधीच गाठते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनची क्षेत्रे, हंगाम आणि परवान्यांची संख्या यांवर मर्यादा घातल्या. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली. २०२१ च्या सुधारणेने दंड मोठ्या प्रमाणात वाढवले आणि पूर्वी तहसीलदारांकडे असलेले निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले. २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली, आणि त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. पापलेटसाठी ठरलेली लांबी १३५ मिलिमीटर आहे. इतक्या लांबीच्या पापलेटने एकदा तरी प्रजनन केलेले असेलच असे म्हणता येत नाही. हा शास्त्र व व्यवहार यांत झालेला समझोता आहे, आणि सुरुवात म्हणून तो स्वीकारार्ह मानता येईल.

या सर्व नियमांत उत्तम पाळला जाणारा नियम म्हणजे १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीची बंदी. त्याचे श्रेय प्रशासनाने घ्यायला हरकत नाही, पण त्या दोन महिन्यांत खवळलेला अरबी समुद्र स्वतःच निम्मी अंमलबजावणी करतो, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची रीत कायद्यापेक्षा जुनी आहे. सर्वच प्रजाती या दोन महिन्यांत अंडी घालत नाहीत, त्यामुळे बंदीचा लाभ काहींना होतो व काहींना होत नाही. शिवाय बंदी उठल्यावर एकाच दिवशी सर्व बोटी समुद्रात शिरतात आणि पावसाळ्यात वाढू लागलेली पिले पहिल्या काही आठवड्यांतच उपसली जातात. दोन महिने राखलेले असे ऑगस्टमध्ये खर्ची पडते.

साठा घटत आहे की नाही हे ठरवताना आकड्यांबाबत सावध राहिले पाहिजे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रातील सागरी मासळीची आवक २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती, ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली आणि ४५ वर्षांतील नीचांक ठरली. परंतु त्याच वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ व ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात आली आणि बोटी बंदरात अडकून पडल्या; आवक घटली त्यात न गेलेल्या दिवसांचाही वाटा होता. एका वर्षाची आवक हे साठ्याचे माप नव्हे. खरे माप प्रति-प्रयत्न मिळकतीचे, म्हणजे तेवढ्याच जाळ्यांनी तेवढ्याच तासांत किती मासळी मिळते याचे असते, आणि मासळीचा आकार लहान होत जाणे ही त्याहून अधिक विश्वासार्ह खूण. मच्छीमार संघटना ‘मत्स्यदुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी करतात तेव्हा त्या हेच सांगत असतात की पूर्वीइतक्याच मिळकतीसाठी आता अधिक दूर, अधिक दिवस आणि अधिक डिझेल जाळून जावे लागते. डिझेलवरील कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळत असल्याने हे दूर जाणे परवडते. अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्येच दाखवले होते की प्रवेश खुला असलेल्या मासेमारीत, सर्वांचा मिळून नफा शून्यावर येईपर्यंत बोटी वाढत राहतात. परतावा ही शून्याची रेषा आणखी पुढे ढकलतो. तो एकाएकी बंद करणे लहान मच्छीमाराला मारून टाकण्यासारखे होईल, हे खरे; पण तो निवडक आसाच्या जाळ्याशी जोडणे अशक्य नाही, आणि हा मार्ग अद्याप पुरेशा गांभीर्याने तपासला गेलेला नाही.

आता शेतीकडे वळता येईल. भारतातील किनारी मत्स्यशेतीचा आधुनिक इतिहास म्हणजे मुख्यतः कोळंबीचा इतिहास. १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबीची तळी झपाट्याने वाढली. भातशेती खारी झाली, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बिघडल्या, आणि १९९४ च्या अखेरीस पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने तळीच्या तळी ओस पडू लागली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात किनारी नियमन क्षेत्रातील, पारंपरिक पद्धती वगळता, कोळंबी तळी हटवण्याचा आदेश दिला आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व त्यांना लागू केले. २००५ मध्ये किनारी जलजीवपालन प्राधिकरणाचा कायदा झाला व तळ्यांची नोंदणी सक्तीची झाली. २००९ पासून पॅसिफिक महासागरातील व्हॅनामेई कोळंबीला परवानगी मिळाली. विशिष्ट रोगांपासून मुक्त असल्याची खात्री केलेली प्रजननक्षम कोळंबी आयात करायची, चेन्नईत तिला विलगवासात ठेवायची आणि मगच बीजकेंद्राकडे पाठवायची, ही शिस्त त्या परवानगीबरोबर आली. तिचा एक फायदा निर्विवाद आहे : टायगर कोळंबीच्या काळात बीजासाठी समुद्रातून अंडीवाल्या माद्या पकडाव्या लागत, तो भार आता उतरला. शेतीचे समुद्रावरचे एक देणे फिटले.

दुसरे देणे, खाद्याचे, तितक्या सहज फिटत नाही. मासळीपासून भुकटी करताना शंभर किलो ताज्या मासळीतून साधारण २२ किलो भुकटी आणि ५ किलोच्या आसपास तेल मिळते. एक किलो कोळंबी वाढवायला दीड किलो खाद्य लागले आणि त्यात १५ टक्के मासळीची भुकटी असली, तर त्या एका किलोमागे सव्वादोनशे ग्रॅम भुकटी, म्हणजे सुमारे एक किलो ताजी मासळी खर्ची पडते. हा हिशेब स्थिर नाही. नॉर्वेत १९९० च्या सुमारास सामन माशाच्या खाद्यात सागरी घटक जवळपास नव्वद टक्के होते, ते सोयाबीन व मोहरीवर्गीय तेलाच्या वापराने २०२० पर्यंत पाव हिश्श्याहूनही खाली आले. जगातील भुकटीपैकी सुमारे एक तृतीयांश आता माशांची डोकी, कल्ले, काटे अशा प्रक्रियेतील अवशेषांपासून बनते. तंत्रज्ञान या देण्याचा व्याजदर कमी करू शकते, हे मान्य करायला हवे. पण किनाऱ्यावर भुकटीचा कारखाना उभा राहिला की खोल्यात आलेल्या पिलांना, ज्यांना पूर्वी खतापलीकडे भाव नव्हता, रोखीचे गिऱ्हाईक मिळते. पिलू सोडून देण्याची जी थोडीफार प्रेरणा उरलेली असते तीही मग नाहीशी होते. समुद्रावरचा ताण हलका करण्यासाठी म्हणून सुरू झालेली शेती अशा रीतीने नेमक्या चुकीच्या वयाच्या मासळीची मागणी वाढवते. तिच्या समर्थकांनी या साखळीकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

कोकणची स्वतःची मत्स्यशेती याहून जुनी आणि वेगळ्या घडणीची आहे. रायगड जिल्ह्यात खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आतली जमीन भाताखाली आणायची, ही पद्धत शिलोत्री बांधांच्या रूपाने कित्येक पिढ्या चालली. बांधात ठेवलेल्या झडपेच्या दाराला, म्हणजे उघाडीला, पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्याचे आणि भरतीचे खारे पाणी अडवण्याचे काम असते. गोव्यातील खाजन जमिनी याच जातीच्या, पोर्तुगीजांच्या आधीपासूनच्या. तेथे या दाराला मानस म्हणतात, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी व कोळंबी पकडण्याच्या हक्काचा लिलाव होऊन त्या पैशातून बांधांची डागडुजी होई. खार सोसणारे भात, त्यानंतर त्याच शेतात मासळी, आणि दोन्हींचा हिशेब ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेकडे, असा हा मेळ होता. गावकरीचे अधिकार क्षीण झाले, कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी विस्कळीत झाली, आणि मग लिलाव घेणाऱ्याला मासळीसाठी खारे पाणी अधिक हवे तर भात करणाऱ्याला ते मुळीच नको, हा जुना ताण उघडा पडला. अनेक ठिकाणी बांध फुटले ते समुद्र चढल्यामुळे नव्हे तर दार कोणी व केव्हा उघडायचे हे ठरवणारे कोणी उरले नाही म्हणून. महाराष्ट्रात १९४८ च्या व पुढे १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी बांध सरकारी जबाबदारीत आणले. बांध बांधण्यापुरता त्याचा उपयोग झाला, पण रोजची राखण दूरच्या खात्याला जमत नाही.

याच खारभूमीच्या कडेला पेण, अलिबाग, उरण भागात जिताड्याची तळी आहेत. पावसाळ्यात खाडीत चढलेली जिताड्याची पिले गोळा करून घराजवळच्या गोड्या तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षांनी मोठा मासा काढायचा, ही रीत येथील पाहुणचाराचा भाग झाली आहे. जिताड्याचे जीवनचक्र नियमकर्त्याची परीक्षा पाहणारे आहे : तो गोड्या पाण्यात वाढला तरी अंडी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातच घालतो, आणि जन्माला नर म्हणून येऊन काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तळ्यात वाढवून काढलेला जिताडा बहुधा नरच असतो आणि खाडीमुखाशी जाळ्यात आलेला मोठा जिताडा बहुधा मादी. अशा माशाला किमान लांबीचा नियम पुरत नाही, कारण पिढी चालवणारी ती मोठी मादीच असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने पूर्व किनाऱ्यावर याच प्रजातीसाठी ५८ सेंटीमीटरहून लहान आणि १२० सेंटीमीटरहून मोठा असे दोन्ही मासे सोडून देण्याचा नियम केला आहे. कोकणात त्याची चर्चा व्हायला हवी. बीजाच्या बाबतीत मात्र मार्ग खुला झालेला आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधल्यानंतर बीजकेंद्रातून पिले मिळू लागली आहेत, आणि खाडीतील पिले वेचण्याची गरज त्यामुळे घटू शकते. खाद्याचा हिशेब अजून जड आहे. जिताडा मांसाहारी, त्याला ताजी बारीक मासळी घातली तर एका किलोच्या वाढीसाठी चार ते सहा किलो मासळी लागते. जुन्या तळ्यांत हा प्रश्न जाणवत नसे, कारण तळ्यातच पैदास होणाऱ्या तिलापियासारख्या माशांवर थोडे जिताडे पोसले जात. तळ्यांची दाटी वाढवून व्यापारी उत्पादन काढू जाता तीच पद्धत समुद्रावर भार टाकू लागते. आकार बदलला की पद्धतीचा गुणही बदलतो, हे येथे मोठ्या स्पष्टपणे दिसते.

खाद्याचे देणे मुळातच नसलेली शेती म्हणजे शिंपल्यांची. कालवे, शिनाणे आणि तिसऱ्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातात. त्यांना दाणा घालावा लागत नाही, उलट खाडीत वाहून आलेल्या जादा पोषणद्रव्यांचा काही भाग त्यांच्या शरीरात साठतो आणि काढणीबरोबर पाण्याबाहेर जातो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गातील खाड्यांत महिलांच्या गटांना शिनाणे, कालवे आणि कांदळवनाच्या कडेची चिंबोरी पाळण्यास साहाय्य केले. भांडवल थोडे, तराफे बांबूचे, आणि खडकांवरून कालवे काढण्याचे कसब या स्त्रियांकडे आधीच होते. जी कामे मत्स्यव्यवसायाच्या आकडेवारीत बहुधा मोजलीच जात नाहीत त्यांना यामुळे उत्पादनाचा दर्जा मिळाला. समुद्राकडून उधार न घेणारी मत्स्यशेती कोकणात वाढवायची असेल तर तिचा आरंभ येथून व्हावा, आणि त्यानंतर बीजकेंद्रातील पिलांवर व कमी मासळी असलेल्या खाद्यावर चालणाऱ्या जिताड्याकडे जावे. खाऱ्या पाण्यातील मांसाहारी माशांचे मोठे पिंजरे या क्रमात शेवटी येतात.

या शेतीची अडचण तिच्या गुणातच आहे. जे पाणी गाळून शिंपला जगतो त्या पाण्यातील मैल्याचे जिवाणू आणि जड धातूही तो साठवतो. म्हणून युरोपीय देशांत शिंपले काढण्याच्या पाण्याचे, शिंपल्याच्या मांसात आढळणाऱ्या ई-कोलाय जिवाणूंच्या मोजणीवरून, अ, ब व क असे वर्ग पाडतात. अ वर्गातील शिंपले थेट विकता येतात, ब वर्गातील स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावे लागतात आणि क वर्गातील दीर्घकाळ दुसऱ्या पाण्यात हलवावे लागतात किंवा उष्णतेची प्रक्रिया करून मगच विकता येतात. सिंधुदुर्गातील खाड्या आज या दृष्टीने बऱ्या स्थितीत मानल्या तरी ठाण्याच्या खाडीत, जेथे पूर्वी शिंपले वेचले जात, तेथे हा व्यवसाय पुन्हा उभा करणे सांडपाण्याच्या शुद्धीकरणाशिवाय शक्य नाही. दक्षिणेकडे पर्यटनाबरोबर किनाऱ्यावरील गावे वाढत आहेत आणि त्यांचे सांडपाणी त्याच खाड्यांत उतरू लागले आहे. तेथील शिनाण्यांच्या तराफ्यांचे भवितव्य मत्स्यव्यवसाय खात्याच्या अनुदानापेक्षा या गावांच्या ग्रामपंचायती व नगरपंचायती मैलापाण्याची वाट कोठे काढतात यावर अधिक अवलंबून राहील. म्हणून खाडीनिहाय पाण्याची तपासणी आणि तिच्या निकालांची स्थानिक संस्थांवर बंधनकारक नोंद हे काम तराफ्यांची संख्या वाढवण्याआधी हाती घ्यावे लागेल.